रुपया ६८ वर गेला, अंदाज खरा ठरला, आणि माझे पैसे गेले

२८ ऑगस्ट २०१३. गोकुळाष्टमीचा दिवस. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं टर्निंगचं वर्कशॉप आहे, तिथल्या ऑफिसात टीव्ही लावून बसलो होतो. खालच्या पट्टीवर सारखं येत होतं, डॉलर ६८ रुपयांच्या पुढे, रुपयाचा आजवरचा नीचांक. त्याच वेळी माझ्या मोबाइलवरच्या ट्रेडिंग खात्यात १९ लाखांच्या आसपास शिल्लक दिसत होती. भरलेले होते ६ लाख. त्या १९ लाखांतला एक रुपया माझ्या हातात आला नाही, आणि मूळचे ६ लाखही गेले.

इतकी वर्षं हे घराबाहेर बोललो नव्हतो. आता लिहितोय, कारण तोच प्रकार नवे कपडे घालून ओळखीच्या मुलांच्या फोनवर आलेला दिसतोय.

मी डॉलरच्या नादी का लागलो, ते आधी सांगतो. एप्रिल २००८ मध्ये तैवानहून एक सीएनसी मशीन बुक केलं. किंमत ३० हजार डॉलर, तेव्हा डॉलर ४० रुपयांना. १५ सप्टेंबरला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. मशीन नोव्हेंबरात न्हावाशेवाला उतरलं तेव्हा बँकेने ४९ चा दर लावला. म्हणजे २ लाख ७० हजार जादा, आणि तेही अशा वेळी की गाड्यांच्या कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतलेले, म्हणजे काही दिवस कारखानेच बंद ठेवलेले, आमच्याकडे कामच नाही. मशीनवर प्लॅस्टिक तसंच ठेवून आम्ही दोन महिने बसून काढले. न्यूयॉर्कमधली एक बँक बुडते आणि भोसरीतल्या माणसाचं गणित मोडतं, हे तेव्हा अंगावर आलं. तेव्हापासून रोज सकाळी पेपर उघडला की आधी डॉलरचा भाव बघायची सवय लागली.

जानेवारी २०१३ मध्ये एका ओळखीच्या सप्लायरने सेमिनारचा पास दिला. वाकडच्या एका हॉटेलात, नाश्त्यासकट, फुकट. विषय होता मंदीनंतरचं जग आणि चलनबाजार. बोलणारा माणूस पस्तिशीचा, मराठी, अभ्यास पक्का. त्याने सांगितलं की डिसेंबर २००८ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर जवळजवळ शून्यावर ठेवलाय, आणि आता ती दर महिन्याला ८५ अब्ज डॉलरचे रोखे विकत घेतेय. हा स्वस्त पैसा जास्त व्याजाच्या शोधात आपल्यासारख्या देशांत येतो. आपली आयात निर्यातीपेक्षा कितीतरी मोठी, तेल आणि सोन्याची बिलं डॉलरमध्ये, आणि ती भागतात या बाहेरून आलेल्या पैशावर. अमेरिका ज्या दिवशी नळ बंद करायची भाषा करेल त्या दिवशी हा पैसा माघारी फिरेल आणि डॉलर ६० काय, ६५ ला जाईल. जगात चलनांची रोजची उलाढाल ४ लाख कोटी डॉलरची आहे, असं सांगून तो म्हणाला, “या समुद्रातून आपण तांब्याभर पाणी काढलं तर कोणाला कळणार आहे?”

आज मागे वळून बघतो तेव्हा त्या भाषणात मला चूक सापडत नाही. २२ मे २०१३ ला त्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख बेन बर्नान्के अमेरिकी संसदेसमोर एवढंच बोलले की ही खरेदी पुढे कमी करता येईल. तेव्हा डॉलर ५५ च्या आसपास होता, जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्याने ६० ओलांडले. त्या माणसाने सांगितलेली जी गोष्ट मला पेपरात पडताळून बघता येत होती, ती प्रत्येक गोष्ट खरी निघत गेली. म्हणून जी मला पडताळता येत नव्हती, म्हणजे माझे पैसे नेमके कुठे जातायत, ती पडताळायची मला गरजच वाटली नाही. मी फसलो तो इथे, आणि अजूनही लोक इथेच फसतात. जगाच्या अर्थकारणावर छान बोलणारा माणूस आपला पैसा सांभाळणारा माणूस असतोच, असं आपण धरून चालतो.

सेमिनारनंतर आठवड्याभरात संक्रांत होती. त्यांचा एक तरुण पोरगा तिळगूळ घेऊन घरी आला. “काका, तुम्ही मला वडिलांसारखे,” म्हणाला. लॅपटॉपवर खातं उघडून दिलं, माझ्या मोबाइलवर अॅप टाकून दिलं. कंपनी परदेशातल्या कुठल्याशा बेटावर नोंदलेली, लिव्हरेज, म्हणजे भरलेल्या पैशाच्या कितीतरी पट मोठा सौदा करायची सोय, म्हणे पाचशे पट, वर पहिल्या भरण्यावर बोनस. मी ५० हजार भरले. पंधरा दिवसांनी चाचणी म्हणून १० हजार परत मागितले, तर दोन दिवसांत बँकेत जमा. हे नीट लक्षात घ्या. पैसे परत आले म्हणजे कंपनी खरी, असं नसतं. ते १० हजार हा त्यांचा खर्च होता, आणि त्या खर्चावर त्यांनी माझ्याकडून पुढचे साडेपाच लाख काढले.

मार्चमध्ये २ लाख भरले. मेअखेरीस साडेतीन. हे साडेतीन बायकोच्या नावच्या एफडीचे, मुलीच्या इंजिनिअरिंगच्या अॅडमिशनसाठी ठेवलेले. ती एवढंच म्हणाली, “अहो, अॅडमिशनच्या वेळी परत ठेवा म्हणजे झालं.”

पैसे कंपनीच्या नावावर कधीच भरले नाहीत. दर वेळी पोरगा फोनवर वेगळा खाते नंबर द्यायचा. एकदा कुरिअरवाल्याचं करंट अकाउंट, एकदा टूर्स अँड ट्रॅव्हल्स, तिसऱ्यांदा सुरतेकडच्या कापडाच्या व्यापाऱ्याचं. विचारलं तर म्हणायचा, “काका, हे आपले पेमेंट पार्टनर. परदेशात पैसे लवकर पोचतात.” साडेतीन लाखांचा आरटीजीएसचा फॉर्म भरताना ‘कशासाठी’च्या रकान्यात त्याने मला ‘कापड खरेदी’ लिहायला लावलं. काउंटरवरचा क्लार्क पंधरा वर्षांच्या ओळखीचा. त्याने फॉर्म वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “काय शेठ, आता कापडात पण उतरलात का?” मी हो म्हणालो. त्याने शिक्का मारला. त्या माणसाने माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं, आणि खोटं बोलून मी ते लावून घेतलं.

आता ऑगस्टवर येतो. माझा सौदा एक लाख डॉलरचा, सरासरी भाव ५५ च्या आसपास. ६८ ला नफा १३ लाख. अष्टमीच्या दुपारीच मी सगळी रक्कम काढायची विनंती टाकली. आधी उत्तर आलं, व्हेरिफिकेशन चालू आहे. मग पॅन, वीजबिल, पासबुकाची झेरॉक्स. मग सांगितलं, परदेशातून रक्कम येताना क्लिअरन्स चार्ज ७२ हजार आधी भरावा लागतो, तो शिल्लकेतून कापता येत नाही. गणपती आठवड्यावर आले होते, मुलीची फी थकलेली. मी तेही भरले. जो तुमचेच पैसे द्यायला आधी पैसे मागतो, त्याच्याकडे तुमचे पैसे नसतात. हे वाक्य मला तेव्हा कोणी कानफटात मारून ऐकवायला हवं होतं.

४ सप्टेंबरला रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि रुपया सावरायला लागला. महिन्याच्या मध्यापर्यंत डॉलर ६३ च्या घरात उतरला, तरी माझा नफा मोठाच होता. मग एका सकाळी अॅप उघडलं तर शिल्लक शून्य. मेसेज होता की रात्री भाव खाली आल्याने मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी भरलेली रक्कम, संपलं आणि सौदा आपोआप बंद झाला. चार्ट मोठा करून बघितला. रात्री दोनच्या सुमारास एक सुईसारखी बारीक रेघ सरळ खाली गेलेली आणि तशीच वर आलेली, तिचं टोक ४८.९० वर. डॉलर त्या पातळीला असून दीड वर्ष लोटलं होतं. त्या आठवड्यात जगात कुठेही डॉलर ६१ रुपयांच्या खाली मिळत नव्हता. ती रेघ फक्त माझ्या फोनवर होती.

त्या रेघेकडे बघताना मला सगळं उलगडलं. माझ्या नावाने कधी कोणी डॉलर घेतलेच नव्हते. आकडे त्यांचे, पडदा त्यांचा, सर्व्हर त्यांचा. मी रुपयाच्या विरुद्ध पैज लावतोय असं समजत होतो, आणि समोर बाजारच नव्हता. बर्नान्के, तेलाचा भाव, चालू खात्याची तूट या सगळ्याचा माझ्या सहा लाखांशी काडीचा संबंध नव्हता. रुपया मजबूत झाला असता तरी तेच झालं असतं, फक्त लवकर. तिळगूळ घेऊन आलेल्या पोराचा फोन तेव्हापासून बंद. वाकडच्या ऑफिसात गेलो तर तिथे ट्यूशन क्लासचा बोर्ड लागलेला.

तक्रार करायला निघालो तर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. “परदेशी फॉरेक्समध्ये पैसे घालणं फेमाखाली, परकीय चलनाच्या कायद्याखाली, गुन्हा आहे. तक्रार केलीत तर ईडी पहिली तुमच्या दारात येईल.” या वाक्याने माझे चार महिने खाल्ले. त्यात अर्धं खरं होतं, म्हणूनच ते चाललं. परदेशी पोर्टलवर फॉरेक्स ट्रेडिंगसाठी मार्जिन पाठवायला आपल्याकडे परवानगी नाही, रिझर्व्ह बँकेने २०११ मध्येच त्याबद्दल लोकांना सावध केलं होतं आणि बँकांना परिपत्रक काढलं होतं. पण त्या भीतीने गप्प बसणं म्हणजे चोराला पळायला वेळ देणं. मी चार महिन्यांनी आर्थिक गुन्हे शाखेत गेलो तोवर तिन्ही खाती रिकामी झाली होती. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याच स्लिपवर बोट ठेवलं. “इथे तर कापड खरेदी लिहिलंय.” माझ्या अक्षरातला तो कागद माझ्याच विरुद्ध उभा होता. पैसे परत मिळाले नाहीत. पुढे दोन वर्षांनी एका ‘वकिलाचा’ फोन आला, तुमची रक्कम सोडवून देतो, आधी २५ हजार फी भरा. एकदा फसलेल्यांची यादीसुद्धा विकली जाते, हे तेव्हा कळलं. तो फोन मी ठेवून दिला.

डॉलरची जोखीम सांभाळायला सरळ रस्ता तेव्हाही होता, याचं मला जास्त वाईट वाटतं. माझ्यासारख्या आयातदाराला बँकेत फॉरवर्ड कव्हर घेता येतं, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलरचा भाव आजच ठरवून ठेवता येतो. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर डॉलर-रुपयाचे वायदे २९ ऑगस्ट २००८ पासून, म्हणजे लेहमन बुडायच्या अडीच आठवडे आधीपासून चालू आहेत, एक लॉट हजार डॉलरचा. तिथे सेबीकडे नोंदलेला ब्रोकर असतो, रोज कॉन्ट्रॅक्ट नोट येते, आणि भाव साऱ्या देशाला एकच दिसतो. रात्री दोनला एकट्याच्या फोनवर सुई पडत नाही. तिथेही पैसे जातात, पण ते बाजारात जातात. आणि लिव्हरेजचं म्हणाल तर खऱ्या ब्रोकरकडेही ते जाळतं. १५ जानेवारी २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने एका युरोला १.२० फ्रँकची बांधून ठेवलेली मर्यादा एका सकाळी सोडून दिली, काही मिनिटांत फ्रँक असा उसळला की नियमात चालणारे मोठे ब्रोकरसुद्धा कोलमडले. २०१८ मध्ये युरोपच्या नियामकाने मुख्य चलनांवरचं लिव्हरेज ३० पटीवर आणलं, तेव्हा तिथल्या वेगवेगळ्या देशांच्या नियामकांच्या पाहणीत अशा सौद्यांमध्ये ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात निघाली होती. आणि आपल्याला इथे पाचशे पटीचं आमिष दाखवतात.

आता हॉटेलातला सेमिनार लागत नाही, टेलिग्रामवर ग्रुप असतो. आरटीजीएसच्या जागी यूपीआय आलं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अनधिकृत फॉरेक्स प्लॅटफॉर्मची सावधानतेची यादी काढली, आधी ३४ नावं होती, पुढे वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं समजू नका, हे बँक स्वतःच सांगते. आणि पैसे गेलेच तर माझ्यासारखे चार महिने घालवू नका, त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच काही हाती लागतं.

गेल्या महिन्यात चाकणच्या मित्राचा जावई वर्कशॉपवर आला. फोन पुढे करून म्हणाला, “काका, बघा किती दिसतंय.” येन, युरो, हिरवे आकडे. मी म्हटलं, आकडे राहू दे, पैसे कोणाच्या नावावर गेले ते दाखव. त्याने यूपीआयची हिस्ट्री उघडली. परराज्यातलं कुठलंसं किराणा स्टोअर, सकाळीच ४० हजार. “पण काका, प्रॉफिट चालू आहे,” तो म्हणाला. मी कपाटातली फाइल काढली आणि ती आरटीजीएसची स्लिप त्याच्यासमोर ठेवली. शाई फिकट झालीय, पण ‘कापड खरेदी’ स्पष्ट वाचता येतं. त्याने ती दोनदा वाचली, आणि मग १९३० लावला.