भांडी बाजारातलं मोदकपात्र आणि रविवारचे मोमो

नाशिकच्या भांडी बाजारातून तीन ताटल्यांचं स्टीलचं मोदकपात्र घेतलं. नुसतं गणपतीपुरतं नाही हं, आमच्याकडे रविवारी त्यात मोमो होतात. मैद्याच्या पाऱ्या हे लाटतात. सासूबाईंचा मोदकांचा हात, त्यामुळे कळ्या त्यांच्याच सगळ्यात सुबक पडतात. मुलं किसलेल्या कोबी-गाजराला मीठ लावून घट्ट पिळतात. पाणी राहिलं की पारी फाटलीच. ताटलीला तेलाचा हात फिरवायचा, दहा-बारा मिनिटं वाफ द्यायची. पारी चकचकीत दिसली आणि बोटाला चिकटली नाही, की झाले. झाकण घट्ट बसतं, वाफ वाया जात नाही. कड्या मात्र सणसणीत तापतात, हाताशी फडकं ठेवा. पाचजणांच्या घराला तीन ताटल्याच घ्या, म्हणजे सगळ्यांना एकदम गरम खायला मिळतं.