आई 'हौद्री' म्हणाली आणि रान गेलं

माझं माहेर निपाणीजवळच्या एका खेड्यात. दोन एकर तंबाखूचं रान, एक कौलारू घर. मला कागलला दिलेली. मध्ये कर्नाटक-महाराष्ट्राची हद्द असली तरी एसटीनं अर्ध्या-पाऊण तासाची वाट. इतक्या जवळ राहूनही मला दोन वर्षं काही कळलं नाही, हे आधीच कबूल करते.

वडील 2021 मध्ये गेले. वारसा लावताना मी आणि भावानं, दोघांनीही हक्क सोडला, रान आईच्या नावावर राहावं म्हणून. तेव्हा मला भावाचं कौतुकच वाटलं होतं. मग 2023 च्या दिवाळीनंतर तो आईला म्हणाला, "उताऱ्यावर तुझं नाव चुकलंय, एकदा जाऊन सही करून येऊ." नोंदणी कचेरीतले कागद सगळे कन्नडमध्ये. आईला मराठीच जेमतेम वाचता येतं. कन्नड म्हणाल तर बाजारापुरतं: एष्टु म्हणजे किती, साकु म्हणजे पुरे, हौद्री म्हणजे होय जी. साहेबांनी काहीतरी विचारलं. भाऊ शेजारून म्हणाला, "हौद्री म्हण." आई म्हणाली, हौद्री. फोटो निघाला, अंगठा उठला.

ते बक्षीसपत्र होतं. मृत्युपत्र असतं तर तिला हयातीत कधीही बदलता आलं असतं. बक्षीसपत्रानं घर आणि रान त्याच दिवशी भावाचं झालं.

त्यानंतर घरात मारहाण झाली नाही, शिवीगाळही नाही. त्यामुळे गावातही कुणी काही बोललं नाही. पण मी फोन केला की तो कायम स्पीकरवर असायचा. "आई, कशी आहेस?" असं विचारलं की आधी वहिनीच्या बांगड्या वाजायच्या, मग आई म्हणायची, "बरं हाय." भेटायला गेले की दोघांपैकी एकजण तिथून हलायचं नाही. आईच्या चष्म्याची काडी तुटलेली, तिथं पांढरा दोरा बांधलेला. तीन महिन्यांनी गेले तेव्हा दोरा काळा पडला होता, काडी तशीच. जेवण पडवीत, ताट वेगळं. पाटल्या कुठं गेल्या विचारलं तर वहिनी म्हणाली, "बँकेत ठेवल्यात." मी प्रत्येक गोष्टीला माझ्या मनानंच कारण शोधून देत गेले. भावावर संशय घ्यायचा तर माहेरच तुटणार, मग दिवाळीला जायचं कुठं? खरं सांगायचं तर हाच हिशेब होता.

पुढं मोतीबिंदूसाठी तिला कागलला आणलं. पिशवीत आधार कार्डाबरोबर पासबुकही आलं होतं. निपाणीला जाऊन ते भरून घेतलं. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 आणि म्हातारपणाचा पगार जमा झाला की त्याच किंवा दुसऱ्या दिवशी एटीएममधून काढलेला. आईनं एटीएमचं तोंड पाहिलेलं नाही. रात्री तिला विचारलं तर म्हणाली, "असू दे गं. ठिवलंय न्हवं त्येनं, त्येच्या घरात."

त्येच्या घरात? दुसऱ्या दिवशी ईसी, म्हणजे जमिनीवर कोणकोणते व्यवहार नोंदलेत त्याचा दाखला काढला, मग बक्षीसपत्राची नक्कल. माझ्यासारखं दोन वर्षं थांबू नका. आईवडिलांच्या जमिनीची ईसी आणि उतारा अधूनमधून काढून बघा. बँकेत त्यांच्या खात्याला मोबाईल नंबर कुणाचा जोडलाय, तेही बघा. आमच्याकडं भावाचा होता.

पुढचा रस्ता एल्डरलाइन या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर कळला. नंबर 14567, पैसे पडत नाहीत. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा कायदा आहे. अर्ज उपविभागाधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडं करायचा, म्हणजे निपाणीकरांना चिकोडी. वकील लावावा लागत नाही. पोटगी महिना 10,000 पर्यंत मागता येते. भाऊ तिथं म्हणाला, "बहिणीनंही पोसावं की." त्यात चूक नाही, कायदा मुलीलाही सोडत नाही. मी हो म्हटलं.

जमिनीचं मात्र अवघड आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढं सांभाळलं नाही, तर त्याच कायद्याच्या कलम 23 खाली ती परत मिळू शकते. पण ती अट दिसायला हवी, असं सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2022 मध्ये सांगितलंय. जानेवारी 2025 च्या निकालात मध्य प्रदेशातल्या एका आईला मुलाकडून मालमत्ता परत मिळाली. तिथं मुलानं बक्षीसपत्राच्याच दिवशी सांभाळण्याचं वचनपत्र लिहून दिलं होतं. आमच्या कागदात अटीची एक ओळ नाही. कुणाला द्यायचंच असेल तर ती ओळ घालून घ्या, आणि कागद ज्याला काही मिळणार नाही अशा माणसाकडून वाचून घ्या. फसवून सही घेतली म्हणून दिवाणी दावाही लावता येतो. पण फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. आमचा दावा आता तयार होतोय.

चिकोडीच्या पहिल्या तारखेला साहेबांनी आईला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. भाऊ समोरच उभा होता. आईनं पदर सावरला आणि म्हणाली, "मला कळंना झालंय सायेब. मराठीत इचारा." मग एका कारकुनाला बोलावलं. एकेक प्रश्न मराठीत सांगून घेताना अर्धा तास गेला. पोटगी 4,000 ठरली. परत येताना स्टँडवर तिनं माझ्याकडून वीस रुपये मागून घेतले आणि भावाच्या पोरासाठी बिस्किटाचा पुडा घेतला.