नखाजवळची गाठ आणि ‘मुळासकट काढतो’ची भूल

कोल्हापूरच्या सुभाषनगरात चपलांच्या वेण्या घालणाऱ्या एका मावशींच्या तर्जनीवर, नखाच्या अगदी मुळाशी, वाटाण्याहून लहान गुळगुळीत गाठ आली. कातडी इतकी पातळ की आतलं पाणी दिसावं. नखावर उभी खाच पडलेली. मंडईजवळ बसणाऱ्या एकानं ‘चामखीळ आहे, बिनऑपरेशन मुळासकट काढतो’ म्हणून सुई टोचली. काकवीसारखा चिकट थेंब आला, गाठ बसली आणि मावशींनी पाचशे रुपये काढून दिले.

पैसे द्यायला लावतं ते हे बसणंच. ती चामखीळ नव्हे, म्युकस सिस्ट. बोटाच्या शेवटच्या सांध्याची झीज झाली की हाडाचं टोक वाढतं आणि सांध्यातलं वंगण बारीक वाटेनं कातडीखाली येऊन साठतं. सुई टोचली की ती कुणाच्याही हातून बसते. वाट तशीच राहते, म्हणून बहुतेक वेळा पुन्हा भरते. भरली की ‘मूळ राहिलंय, लेप लावू’ म्हणत दुप्पट पैसे. लेप कातडी जाळणारा असतो आणि खाली सांधा काही मिलिमीटरवर. मावशींचं बोट लाल होऊन सुजलं, पू झाला, पेर वाकेना. सांध्यात जंतुसंसर्ग गेला तर तो कायमचा आखडू शकतो. आणि हे सगळं अशा गाठीसाठी, जी कर्करोगाची नसते आणि त्रास नसेल तर तशीच ठेवली तरी चालते! संताप येतो तो याचा.

खरी तपासणी साधी आहे. अंधारात टॉर्च लावला की गाठ उजळते. एक्स-रेत सांध्यातली कमी झालेली फट आणि वाढलेलं टोक दिसतं. गाठ घट्ट असेल, उजळत नसेल, तर निदान पक्कं झाल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका. उपचारात डॉक्टरही सुई वापरतात, पण निर्जंतुक, वर दाबपट्टी बांधून आणि ‘परत येऊ शकते’ हे आधी सांगून. द्रव नायट्रोजननं गोठवणं हा दुसरा मार्ग. पुन्हा येण्याचं प्रमाण सर्वांत कमी असतं ते ऑपरेशननंतर: बोट बधिर करून गाठ, वाट आणि हाडाचं वाढलेलं टोक तिन्ही काढतात. नखाची खाच पुढे बहुधा भरून येते. सांधा थोडा ताठ राहू शकतो. पायाच्या बोटावरची गाठ जास्त हट्टी.

चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नसेल तर तिथूनच परत फिरा. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवता येतं. लेप लावून झाला असेल आणि बोट ठणकत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि लेपाची पुडी फेकू नका, सोबत न्या.