कोन्या की गलाता? रूमींच्या दरवेशांचा मठ बघायला नक्की कुठे जायचं

टर्कीची ट्रिप ठरवताना इस्तंबूल आणि कॅपाडोकिया फिक्स असतं, गाडी अडते ती कोन्या शहरापाशी. "इस्तंबूलमध्येच गलाताला दरवेशांचं म्युझियम आहे ना, मग एवढ्या लांब कशाला जायचं?" असं मला बरेच जण विचारतात. मी दोन्ही बघितलीयत, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मूळ दोन्हीकडे एकच, तेराव्या शतकातले सूफी संत-कवी रूमी यांच्या परंपरेतला मेवलेवी पंथ, म्हणजे पांढरा घोळदार झगा घालून गोल फिरत सेमा करणारे दरवेश. १९२५ साली तुर्कस्तानात सगळे तेक्के (सूफींचे मठ) कायद्याने बंद झाले आणि म्हणून आज ही दोन्ही म्युझियम आहेत, कोन्याचं १९२७ पासून, गलाताचं १९७५ पासून. आपल्या खुलताबादला दर्ग्यात जशी चालती परंपरा दिसते तशी अपेक्षा ठेवून जाऊ नका.

पण कोन्यात एक वेगळी गोष्ट होते. तिथे स्वतः रूमींची कबर आहे, शेजारी वडील आणि मुलगा, वर तो फिरोजी टाइल्सचा घुमट. रूमी १७ डिसेंबर १२७३ ला गेले आणि पुढच्याच वर्षी कबरीवरचं बांधकाम सुरू झालं. कागदोपत्री म्युझियम आहे, दारात बुटांवर प्लॅस्टिकची कव्हरं चढवायला लागतात, पण आत गेलात की बायका-माणसं हात पसरून दुआ मागत उभी असतात, काहींचे डोळे भरलेले असतात, आणि आपोआप आपला आवाज खाली येतो. बायकांनी ओढणी जवळ ठेवावी, बरं दिसतं.

माझ्या मते मात्र कोन्याला जायचं खरं कारण कबर नाही, मुदपाकखाना आहे. घाईत असलेले टुरिस्ट तो चुकवतात. मेवलेवींकडे दरवेश घडायचा तो स्वयंपाकघरात. नवीन आलेल्या मुलाला दाराजवळ मेंढीच्या कातड्यावर तीन दिवस नुसतं बसवायचे, त्याने फक्त बघायचं की इथे काम कसं चालतं, आणि घ्यायचं नसेल तर तोंडाने नाही म्हणायचे नाहीत, त्याच्या चपलांची तोंडं बाहेरच्या बाजूला फिरवून ठेवायचे, की तो समजून निघून जायचा. घेतलाच तर १००१ दिवस सेवा, झाडणं, पाणी भरणं, बाजार, भांडी, आणि त्यातच लाकडी फळीवरच्या खिळ्याभोवती पाय फिरवून सेमा शिकणं. हे सगळं तिथे पुतळे मांडून दाखवलंय. चुलीजवळ उभं राहिल्यावर मला ते गिरकी घेणं पहिल्यांदा कळलं, तोवर मी त्याला नाचच समजत होते. अंगणाच्या कडेने दरवेशांच्या खोल्या आहेत, त्यातही वस्तू मांडल्यात, आणि मुख्य इमारतीत मसनवीची, म्हणजे रूमींच्या दीर्घकाव्याची, १२७८ ची हस्तलिखित प्रत आहे, त्यासाठी दहा मिनिटं जास्तीची ठेवा.

गलाता लहान आहे, तासा-दीड तासात होतं. तुनेलच्या स्टेशनवरून चालत दोन-तीन मिनिटं, वाद्यांच्या दुकानांची गल्ली. १४९१ साली स्थापन झालेला हा इस्तंबूलमधला पहिला मेवलेवी मठ, १७६५ ला जळला, मग पुन्हा बांधला. इथला लाकडी अष्टकोनी सेमाहॉल फार सुंदर आहे, वर सज्जा, मध्ये मोकळी घासलेली जमीन. पण मला जास्त आवडलं ते बाजूचं कब्रस्तान, त्याला 'हामुशान' म्हणतात, म्हणजे गप्प झालेले. तिथे ऑटोमन काळात तुर्की पुस्तकं छापायला सुरुवात करणारा इब्राहिम म्युतेफेर्रिका आहे, मुसलमान होऊन सुलतानाचा तोफखाना सुधारणारा फ्रेंच सरदार बोनव्हाल आहे. कवी शेख गालिब इथलेच शेख, म्हणजे मठाचे प्रमुख, त्यांचीही कबर आवारात आहे. कोन्यात भक्ती दिसते, इथे शहरातला मठ कसा असायचा, कोण कोण येऊन टेकायचं ते दिसतं.

सेमा बघायचाच असेल तर कोन्यात तो मुख्यतः मेवलाना (म्हणजे रूमीच) कल्चर सेंटरच्या मोठ्या हॉलमध्ये होतो, गलाताला मूळ जागेतच होतो पण रोज नसतो, आधी तारीख बघून ठेवा. ७ ते १७ डिसेंबर कोन्यात रूमींच्या पुण्यतिथीचा सोहळा असतो, तेव्हा हॉटेलं आधीच बुक करा.

खर्चाचं म्हणाल तर कोन्याला एंट्री फ्री आहे, गलाताला तिकीट, पण कोन्याचा खरा खर्च वेळेचा आहे. इस्तंबूलहून फास्ट ट्रेनने साधारण पाच तास, अंकाराहून दोन तासांच्या आत. खाणं कोन्यात मटणाचंच जास्त, व्हेज लोकांनी चीज पिदे (चीज घातलेली भाजलेली रोटी) किंवा मसूर सूप घ्यावं, सूपमध्ये मटणाचं पाणी नाही ना ते विचारून.

तर सोबत वयस्कर आई-बाबा असतील, इस्तंबूलचे तीनच दिवस असतील तर सरळ गलाता करा आणि मनात रुखरुख ठेवू नका. पण एक रात्र जरी हाताशी असेल तर कोन्याच. कॅपाडोकियाहून बसने तीनेक तासात कोन्या, एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी ट्रेनने इस्तंबूल आणि शेवटी गलाता, असा क्रम ठेवा, कारण तो मुदपाकखाना आधी बघितलेला असला की गलाताची रिकामी लाकडी जमीन रिकामी वाटत नाही.