लॅब्राडोराइट ब्रेसलेट: दगड पक्का, इलॅस्टिक कच्चं

निकाल आधीच सांगते. 8 मिलिमीटर मण्यांचं लॅब्राडोराइटचं ब्रेसलेट, ऑनलाइन घेतलेलं, किंमत 1,450 रुपये. दगडाला दहापैकी नऊ. मणी ज्या इलॅस्टिकमध्ये ओवले होते त्याला शून्य. थंडीत घेतलं, रोज वापरलं आणि पावसाळा सरायच्या आत ते दादरच्या पुलावर, ऐन गर्दीच्या वेळी तुटलं. मी आणि एका अनोळखी मुलीने मिळून मणी वेचले. एकही हरवला नाही, हे त्या मुलीचे उपकार. पण साडेचौदाशेच्या वस्तूत चार पैशांचं इलॅस्टिक घालणाऱ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

आधी दगडाबद्दल लिहिते, कारण तो निवडायला मी बराच वेळ घेतला होता. माझे कपडे बहुतेक हातमागाचे. निळे, राखाडी, क्वचित मोहरी रंगाचे. कानात ऑक्सिडाइज्ड चांदी, सोनं रोजच्या वापरात नाही. अशा कपड्यांवर रोझ क्वार्ट्झ फार गोड दिसत होता आणि टायगर आयचा तपकिरी-सोनेरी रंग चांदीशी पटत नव्हता. अॅमेथिस्ट मनात भरला होता, पण तो सतत उन्हात राहिला की फिका पडतो. फिरोजा सच्छिद्र असतो, अंगावरचं तेल आणि अत्तर शोषून डागाळतो, शिवाय हाउलाइट नावाचा स्वस्त पांढरा दगड रंगवून फिरोजा म्हणून सर्रास विकला जातो. मॅलाकाइटचा हिरवा रंग मला अजूनही मोह घालतो, पण मोज मापावर (दगडांच्या कडकपणाचं माप, 1 सगळ्यात मऊ, 10 म्हणजे हिरा) त्याचा कडकपणा 3.5 ते 4, मोत्याचा 2.5 ते 4.5. रोज लोकलने जाणाऱ्या आणि दिवसभर टेबलाच्या कडेवर मनगट टेकून टाइप करणाऱ्या बाईने हे दोन्ही सणासुदीला घालावेत, रोज नव्हे.

हा कडकपणाचा आकडा विक्रेते सांगत नाहीत, म्हणून तो आपणच बघायला हवा. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे बारीक कण असतात आणि क्वार्ट्झचा कडकपणा 7. त्याहून मऊ दगडाला ही धूळच ओरखडे पाडते. कोरड्या कपड्याने घासून पुसलं की आणखी पाडते. लॅब्राडोराइट 6 ते 6.5, म्हणजे काठावर पास. हे माहीत असूनही मी तो घेतला, कारण त्याच्यासारखा रंग दुसऱ्या कुठल्याच दगडात मला सापडला नाही. टेबलावर ठेवला तर नुसता काळपट राखाडी मणी. मनगट जरा वळवलं की एका ठरावीक कोनात आतून निळा उजेड पेटतो, कडेला हिरवट होतो, एखाद्या मण्यात केशरी ठिणगीही दिसते. कोन सुटला की विझतो. दगडाच्या आत अतिशय पातळ थर एकावर एक असतात, त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा हा परिणाम. वरून लावलेला रंग नसल्यामुळे तो उडण्याची भीती नाही. ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली हा उजेड जवळजवळ दिसत नाही. सकाळी खिडकीची जागा मिळाली की दिसतो.

हा दगड कॅनडातल्या लॅब्राडोरचा, 1770 साली तिथे सापडला म्हणून हे नाव. आज बाजारात येणारा बराचसा माल मादागास्करचा असतो. आपल्याकडच्या ग्रहांच्या रत्नांत तो बसत नाही, तरी ऑफिसात प्रत्येकीने विचारलं, “अगं, कोणी सांगितला घालायला? शनीचा आहे का?” शनीचा नीलम, तो वेगळा दगड. मला कोणी सांगितला नव्हता. माझ्या निळ्या कुर्त्यांवर शोभतो म्हणून घेतला आणि दगड घालायला एवढं कारण पुरेसं आहे असं माझं ठाम मत आहे.

एक गुण कापला तो यासाठी, की सात-आठ मण्यांत ही चमक दिसतच नव्हती. फोटोत प्रत्येक मणी निळा, हातात आल्यावर मधेमधे नुसते राखाडी. चांगल्या मालात हलका माल मिसळला असणार असं तेव्हा वाटलं.

मापाबद्दल एक गोष्ट घेण्याआधी समजून घ्या. साइटवर दिलेली लांबी ही ओवलेल्या माळेची लांबी असते. मनगटाला मण्यांची आतली बाजू टेकते, त्यामुळे त्या लांबीतून मण्याच्या जाडीच्या तिपटीहून थोडं जास्त वजा करावं लागतं. 8 मिलिमीटरच्या मण्यांत अडीच सेंटिमीटर जातात, 10 च्या मण्यांत तीनपेक्षा जास्त. माझं मनगट 15 सेंटिमीटर. 23 मण्यांची माळ 18.4 भरते, त्यातून अडीच गेले की उरतात जेमतेम 16. बरोबर बसतं. हे एवढं सविस्तर सांगायचं कारण पुढे येईल.

आता इलॅस्टिक. तिसऱ्या महिन्यापासूनच गाठीच्या दोन्ही बाजूंचे मणी एकमेकांपासून सुटायला लागले होते आणि मधे पारदर्शक दोरा दिसत होता. इलॅस्टिक ढिलं पडल्याची ही पहिली खूण. मुंबईचा घाम, सनस्क्रीन, अत्तर, हात धुताना लागणारा साबण, यातलं काहीही त्याला मानवत नाही. त्यात गाठीवर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब टाकलेला. तो गोंद सुकला की कडक होतो आणि त्याला लागून असलेलं इलॅस्टिकही ठिसूळ होतं. माझं नेमकं तिथेच तुटलं. मी अंघोळीला काढून ठेवत होते, झोपताना काढून ठेवत होते, ओढून घालत नव्हते, बोटं जुळवून हळूच सरकवत होते. यापलीकडे ग्राहकाने काय करावं?

विक्रेत्याला फोटो पाठवले. दोन दिवस शांतता. मग चॅटवर उत्तर आलं, की ब्रेसलेट तुटणं शुभ असतं, त्याने तुमच्यावरची नकारात्मक ऊर्जा ओढून घेतली, आता नवीन घ्या, त्यावर 15 टक्के सूट देतो. हे वाचून मी अक्षरशः थरथरले. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण खराब दोऱ्याची जबाबदारी श्रद्धेवर ढकलणं हा ग्राहकाचा अपमान आहे. मी पुन्हा लिहिलं, तेव्हा त्यांनी माप चुकलं असेल, घट्ट होत असेल, असं सुचवलं. म्हणून वरचा हिशेब. तो जसाच्या तसा त्यांना पाठवला. पुढे त्या विषयावर ते बोलले नाहीत.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी सांगते. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्रेत्याला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. त्या अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची. मी चॅट सोडून थेट त्या पत्त्यावर मेल केला, त्यात हा नियम लिहिला आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार असंही लिहिलं. भाषा लगेच बदलली. पण तोडगा काय, तर ब्रेसलेट स्वखर्चाने कुरियर करा, आम्ही पुन्हा ओवून देऊ. कशात ओवणार असं विचारलं. “सेम प्रीमियम इलॅस्टिक.” मी नको म्हटलं.

इथपर्यंतचं सगळं मी त्या रागातच लिहून ठेवलं होतं. पुढचा भाग आत्ता लिहितेय, आणि त्यात ब्रेसलेटबद्दलचं माझं मत बरंच बदललं आहे.

मणी डबीत पडून होते. आई म्हणाली, “मंगळसूत्र गाठवायला आपण कुणाकडे जातो? तिथेच दे की.” दादरला एका सराफी पेढीच्या बाहेर एक पटवेकरी बसतात, आमच्या घरातली मंगळसूत्रं आणि मोत्याच्या माळा त्यांच्याच हातच्या. काकांनी मणी पांढऱ्या फडक्यावर ओतले, एक उचलून उजेडात धरला, भोकातून साधा दोरा ओवून दोन-चारदा पुढेमागे ओढला आणि माझ्यासमोर धरला. दोऱ्याचे तंतू उभे राहिले होते. भोकाची कड धारदार होती, एका बाजूला बारीक कपचाही उडालेला. म्हणजे घाम आणि गोंद ही अर्धी गोष्ट, उरलेलं काम मण्यांनीच केलं होतं. लॅब्राडोराइट ठरावीक दिशांना सहज चिरतो, म्हणून भोक पाडताना कड अशी उडते. ती घासून गोल करणं हे बनवणाऱ्याचं काम, आणि तेच कुणी केलेलं नव्हतं. काकांनी बारीक सळीसारखी कानस प्रत्येक भोकाच्या दोन्ही तोंडांत फिरवली. एक-एक मणी. घाई नाही.

मग त्यांनी विचारलं, “ताई, चमक कुठल्या बाजूला पाहिजे?”

हा प्रश्न मला कुठल्याही साइटने, कुठल्याही दुकानदाराने विचारला नव्हता. इलॅस्टिकवर मणी मोकळे फिरतात, त्यामुळे चमकेची बाजू कधी वर, कधी हाताच्या कातडीकडे. मी ज्यांना राखाडी म्हणत होते त्या मण्यांतल्या बहुतेकांना चमक होती, ती उलट्या बाजूला होती. काकांनी जाड काळा नायलॉनचा दोरा घेतला, प्रत्येक मणी बोटांत फिरवून निळी बाजू बाहेर आणली आणि पुढे घट्ट गाठ मारली. मोत्याच्या माळेत मारतात तशीच, दर मण्यानंतर. मणी एकमेकांवर घासत नाहीत, जागचे फिरत नाहीत, आणि दोरा तुटलाच तर एखादाच मणी सुटेल. गाठींनी लांबी वाढते म्हणून दोन मणी कमी केले, ते मी जपून ठेवलेत. शेवटी आकडा लावू का म्हणाले, पण एका हाताने आकडा अडकवणं सकाळच्या घाईत जमत नाही, म्हणून राखीसारखी सरकती गाठ करून घेतली. एक टोक दातात धरून ओढलं की बसतं. मजुरी 120 रुपये.

दगडाचा कापलेला गुण परत देते.

आणि दिसण्याबद्दल सांगायचं तर आताचं ब्रेसलेट मला आधीपेक्षा कितीतरी जास्त आवडतं. इलॅस्टिकवर ते कारखान्यातून आलेलं, प्रत्येकीच्या हातात दिसणारं मण्यांचं कडं होतं. काळ्या गाठींमुळे मण्यांमध्ये फट आली, प्रत्येक मणी सुटा दिसायला लागला आणि ते हातमागाच्या सुताशी जुळलं. तुमची आवड वेगळी असेल, झगमग हवी असेल, तर हा काळा दोरा उदास वाटेल. मग चांदीची तार किंवा मधे चांदीचे बारीक मणी बघा. नाजूक मनगटाला आणि फॉर्मल शर्टाच्या बाहीखाली 6 मिलिमीटर बरे, 10 च्या पुढचे मोठ्या हाडाच्या मनगटाला शोभतात आणि वजनही जाणवतं. माझं 16-17 ग्रॅमच्या आसपास आहे, एवढं दिवसभर सहज चालतं.

दोन तक्रारी मात्र शिल्लक आहेत. तळहाताच्या बाजूला येणाऱ्या चार-पाच मण्यांची झिलई टेबलावर घासून मंदावली आहे. आणि घड्याळाच्या हातात हे घालू नका. साध्या काचेपेक्षा हा दगड कडक असतो, माझ्या घड्याळावर ओरखडा आला आहे. सफायर काच असेल तर चिंता नाही. साफ करायला ओलसर मऊ कापड पुरतं, आधी धूळ फुंकून घ्या.

पुन्हा ऑनलाइन तयार ब्रेसलेट मी घेणार नाही. भुलेश्वरला सुट्या मण्यांचे सर मिळतात, साधारण 15-16 इंचांचा एक सर, 8 मिलिमीटरचा असेल तर त्यात दोन ब्रेसलेट होतात. घेताना नखाने भोकाची कड चाचपून बघा, आणि मूनस्टोन म्हणून दुधी निळसर ओपलाइट देत असतील तर ती काच आहे हे लक्षात ठेवा. बहिणीसाठी मी टायगर आयचा सर आणून ठेवलाय. तिच्या सगळ्या साड्या मातकट आणि केशरी, तिला तो सोनेरी तपकिरी नेमका जाईल, आणि क्वार्ट्झ असल्याने कडकपणा 7. ओवायला मात्र थांबावं लागतंय. लग्नसराई आहे आणि काकांकडे मंगळसूत्रांची रांग लागली आहे.