आफ्रिकेचा लाकडी नकाशा: तुकडा उचलला की खाली १९१४

तुकड्यांचे कोडे जोडताना मुले आधी सरळ कडांचे तुकडे बाजूला काढतात, कारण चित्राची चौकट त्यांनीच तयार होते. आमच्या वाचनालयाच्या बालविभागात येणाऱ्या सातवीतल्या एका मुलीने याच सवयीने इजिप्त, लिबिया, अल्जीरिया आणि नामिबिया हे तुकडे वेगळे केले व ते चौकटीला टेकवून पाहू लागली. ते बसेनात. समुद्राला लागून असलेल्या सगळ्या कडा वेड्यावाकड्या आणि खंडाच्या पोटातल्या कडा मात्र पट्टीने आखल्यासारख्या, हे पाहून ती बराच वेळ तुकडे उलटसुलट करत राहिली. आफ्रिकेच्या वसाहतकाळाबद्दल मी मुलांना आजवर जे काही सांगितले असेल, त्यापेक्षा जास्त त्या पाच मिनिटांत तिच्या बोटांना कळले, आणि म्हणूनच या नकाशाबद्दल सविस्तर लिहावे असे मला वाटले.

हा नकाशा मी गेल्या वर्षी शैक्षणिक साहित्याच्या एका प्रदर्शनातून १,६५० रुपयांना घेतला. तो एका लहान उद्योगाने प्लायवूडमध्ये लेझरने कापलेला असून साधारण ७० सेंटीमीटर उंच आहे. त्यात ५० तुकडे आहेत: मुख्य भूमीवरचे ४८ देश, मादागास्कर आणि पश्चिम सहारा. प्रत्येक तुकड्यावर देशाचे आणि राजधानीचे नाव मराठीत छापलेले आहे. नकाशाची खरी करामत मात्र तळाच्या फळीत आहे. त्या फळीवर आजच्या सीमा नाहीत, १९१४ सालच्या वसाहती रंगवलेल्या आहेत. ब्रिटिश मुलूख गुलाबी, फ्रेंच निळा, जर्मन हिरवा, पोर्तुगीज पिवळा, बेल्जियन नारिंगी, इटालियन जांभळा आणि स्पॅनिश तपकिरी आहे. पांढरे राहिलेले भाग दोनच, इथिओपिया आणि लायबेरिया. पूर्ण जुळलेल्या नकाशातून एखादा देश उचलला की त्याच्या आकाराच्या खाचेतून खालचा १९१४ दिसतो.

ही कल्पना किती खोलवर पोहोचते, हे घानाचा तुकडा उचलल्यावर समजते. खाचेत बहुतेक गुलाबी रंग दिसतो, पण पूर्वेकडे एक हिरवी पट्टीही दिसते. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून काढून घेतलेला टोगोलँड ब्रिटन आणि फ्रान्स यांनी वाटून घेतला. ब्रिटिशांकडील भागाने १९५६ च्या सार्वमतात गोल्ड कोस्टबरोबर, म्हणजे शेजारच्या ब्रिटिश वसाहतीबरोबर (आजचा घाना), जाण्याचा कौल दिला आणि १९५७ मध्ये तो घानासह स्वतंत्र झाला. फ्रेंचांकडील भाग आजचा टोगो आहे, आणि एवे भाषा बोलणारे लोक आजही या सीमेच्या दोन्ही बाजूंना राहतात. नायजेरियाच्या खाचेतही पूर्वेच्या कडेला अशीच हिरवी किनार आहे. जर्मन कॅमेरूनचा ब्रिटिशांकडे गेलेला उत्तर भाग १९६१ च्या सार्वमतानंतर नायजेरियात गेला, तर दक्षिण भाग फ्रेंचांकडून स्वतंत्र झालेल्या कॅमेरूनला जोडला गेला. कॅमेरूनच्या इंग्रजीभाषक पश्चिम प्रांतांत २०१६ पासून जो संघर्ष चालू आहे त्याचे एक मूळ या जोडणीत आहे. सोमालियाची खाच अर्धी गुलाबी आणि अर्धी जांभळी निघते, कारण १ जुलै १९६० रोजी ब्रिटिश आणि इटालियन सोमालीलँड एकत्र येऊन तो देश झाला. माझ्या माहितीतला कोणताही छापील नकाशा हे इतक्या सहज दाखवत नाही.

सरळ रेषांकडे पुन्हा वळतो. इजिप्त आणि सुदान यांच्यातील सीमा २२ व्या अक्षांशावरून जाते आणि तिचा आधार १८९९ चा ब्रिटन-इजिप्त करार आहे. नामिबियाची पूर्व सीमा आधी २१ व्या आणि मग २० व्या रेखांशावरून खाली उतरते. ती १८९० मध्ये ब्रिटन आणि जर्मनी यांच्या करारात ठरली. त्याच करारात झांझिबारवरील ब्रिटिश संरक्षण जर्मनीने मान्य केले आणि त्या बदल्यात उत्तर समुद्रातील हेल्गोलँड हे बेट मिळवले. नामिबियाच्या ईशान्य कोपऱ्यातून पूर्वेकडे निघालेली सुमारे ४५० किलोमीटर लांबीची कॅप्रिव्ही पट्टी हीदेखील याच कराराची देणगी आहे. जर्मनीला झांबेझी नदीपर्यंत पोहोचायचे होते, आणि पट्टीला नाव मिळाले ते त्या वेळच्या जर्मन चॅन्सेलरचे. तिच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर व्हिक्टोरिया धबधबा असल्यामुळे झांबेझीतून हिंदी महासागरापर्यंत बोटी नेण्याचा मार्ग कधीच खुला होणार नव्हता.

ही पट्टी आमच्याकडे दुसऱ्याच आठवड्यात मोडली. एवढ्या बारीक शेपटीसाठी तीन मिलिमीटर जाडीचे प्लायवूड पुरेसे नाही, हा माझा पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप आहे. मी ती फेविकॉलने चिकटवली, पण तिथला जोड आता खाचेत नीट बसत नाही. गांबियाच्या तुकड्याचीही मला हीच भीती वाटते. नदीच्या दोन्ही काठांना धरून आत गेलेला आणि सर्वांत रुंद ठिकाणीही सुमारे ५० किलोमीटरच असलेला हा देश या प्रमाणात काडेपेटीतल्या काडीहून थोडाच रुंद होतो. मुले सेनेगल आधी बसवतात आणि मधली फट पाहून सेनेगलचाच एखादा तुकडा हरवला असे समजतात. ती फट म्हणजे नदीवर बसलेले ब्रिटिश आणि भोवतालच्या मुलखात पसरलेले फ्रेंच यांच्यात १८८९ मध्ये झालेली वाटणी होय.

सोबतची बारा पानी पुस्तिका मात्र नकाशाच्या तोलाची नाही. तिच्या पहिल्याच पानावर १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत युरोपीय राष्ट्रांनी आफ्रिकेच्या सीमा आखल्या असे विधान आहे. हे आपल्याकडे फार प्रचलित असले तरी अचूक नाही. त्या परिषदेला १४ देशांचे प्रतिनिधी होते आणि त्यांत आफ्रिकेचा एकही नव्हता, हे खरे आहे. पण तिथे मुख्यतः काँगो आणि नायजर नद्यांवरील व्यापार व वाहतुकीचे आणि किनाऱ्यावरील नव्या ताब्याला मान्यता देण्याचे नियम ठरले. बहुतेक सीमा त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत दोन-दोन सत्तांमधल्या वेगवेगळ्या करारांनी ठरत गेल्या. हा नकाशा घेऊन बसलेल्या मुलाला प्रत्येक सीमेमागे वेगळा करार, वेगळे साल आणि वेगळा स्वार्थ असल्याचे सांगितले नाही, तर त्याचे कुतूहल पहिल्याच उत्तरापाशी थांबते.

काँगोबद्दलचा मजकूर याहून निराशाजनक आहे. बेल्जियमची वसाहत, राजधानी किन्शासा आणि स्वातंत्र्य १९६०, एवढेच त्यात आहे. १८८५ ते १९०८ या काळात सुमारे २३ लाख चौरस किलोमीटरचा हा मुलूख बेल्जियमच्या राज्यसंस्थेचा नव्हता, तर राजा लिओपोल्ड दुसरा याची वैयक्तिक सत्ता होता. तिथे रबर गोळा करण्यासाठी लोकांवर सक्ती झाली, ठरलेले वजन न भरणाऱ्या गावांना शिक्षा झाल्या आणि हात तोडण्याचे प्रकार घडले. याविरुद्ध युरोपात आवाज उठल्यानंतरच बेल्जियमने १९०८ मध्ये कारभार हाती घेतला. दहा वर्षांच्या मुलाला हे सगळे सांगावे असे मी म्हणत नाही, पण खोक्यावर वयोमर्यादा ८ ते १६ लिहिली आहे, आणि सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला हे कळायलाच हवे. शिवाय दोन्ही काँगोंच्या तुकड्यांवर नुसतेच ‘काँगो’ छापलेले आहे. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर असलेल्या ब्राझाव्हिल आणि किन्शासा या राजधान्या वाचूनच कोणता फ्रेंच आणि कोणता बेल्जियन ते ओळखावे लागते. स्वाझीलँडने २०१८ मध्ये एस्वातिनी हे नाव घेतले, तरी तुकड्यावर जुनेच नाव आहे.

पुस्तिकेत आफ्रिकेतले लोक स्वतः काही करताना दिसत नाहीत, ही उणीव मला सर्वांत जास्त जाणवली. दक्षिण आफ्रिकेच्या तुकड्यातले भोक म्हणजे लेसोथो. बोअर, म्हणजे तिथे वसलेल्या डच वंशाच्या लोकांशी लढताना जमीन गमावत गेलेला बासोथो राजा मोश्वेश्वे याने ब्रिटिशांकडे संरक्षण मागितले आणि ते १८६८ मध्ये मिळाले. पुढे १९१० च्या दक्षिण आफ्रिका संघात हा प्रदेश गेला नाही आणि १९६६ मध्ये तो वेगळा देश म्हणून स्वतंत्र झाला. फळीवरचा पांढरा इथिओपियाही असाच कमावलेला आहे. १८९६ मध्ये उत्तर इथिओपियातील आडवा या गावी सम्राट मेनेलिक दुसरा याच्या सैन्याने इटलीचा पराभव केला नसता, तर तिथेही जांभळा रंग असता. या दोन जागांवर पुस्तिकेने एकेक पान तरी खर्च करायला हवे होते.

आमच्याकडची मोठी मुले हमखास विचारतात की स्वतंत्र झाल्यावर या देशांनी सीमा का बदलल्या नाहीत. त्याचेही उत्तर पुस्तिकेत नाही. आफ्रिकी ऐक्य संघटनेने १९६४ मध्ये कैरो येथे स्वातंत्र्याच्या वेळच्या सीमा कायम ठेवण्याचा ठराव केला, कारण एक सीमा उघडली तर सगळ्याच उघडतील अशी धास्ती होती. मी हे सांगून मुलांना दोन तुकडे उचलायला लावतो. १९९३ मध्ये इथिओपियापासून वेगळ्या झालेल्या इरिट्रियाखाली जांभळी इटालियन वसाहत जवळजवळ नेमकी त्याच आकारात सापडते, तर २०११ मध्ये स्वतंत्र झालेल्या दक्षिण सुदानच्या खाचेत गुलाबी रंग सलग पसरलेला दिसतो आणि त्याच्या उत्तर सीमेचा फळीवर मागमूसही नसतो.

मराठी खरेदीदारांसाठी नकाशा बनवताना दोन गोष्टी सुटायला नको होत्या. फळीवरचा पिवळा मोझांबिक १७५२ पर्यंत गोव्यातील पोर्तुगीज सत्तेच्या कारभाराखाली होता. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला आणि मोझांबिक १९७५ मध्ये स्वतंत्र झाला. दुसरी गोष्ट मॉरिशसची. तो चौकटीजवळ नुसता ठिपका म्हणून छापला आहे आणि त्याला नावही दिलेले नाही. ब्रिटिश काळात तिथल्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तिथे आहेत, हे आमच्या मुलांपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

रंग टिकाऊ आहेत, मराठी अक्षरे सुवाच्य आहेत आणि कापलेल्या कडांवरची काजळी ओल्या फडक्याने निघते. आठ वर्षांच्या मुलांना हा नकाशा एकट्याने जोडणे जमत नाही, कारण फळीवरच्या जुन्या सीमा त्यांना चुकीच्या जागा दाखवतात. दहाव्या वर्षापासून तो द्यावा. वाचनालयांनी आणि शाळांनी तो जरूर घ्यावा, पण पुस्तिका बाजूला ठेवावी. आम्ही खोक्यात आमची चार हस्तलिखित पाने घातली आहेत, त्यांतले पहिले पान लेसोथोचे आहे, आणि मॉरिशसचे नाव त्या ठिपक्याशेजारी काळ्या शाईने लिहिले आहे.