अल्टूनाचे रेल्वे कामगार संग्रहालय: जिथे इंजिनाआधी माणसे भेटतात

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातले अल्टूना हे गाव मुळात रेल्वेनेच वसवले. फिलाडेल्फियाहून पिट्सबर्गकडे जाणारी गाडी अ‍ॅलेघेनी डोंगर चढण्याआधी जिथे थांबणार होती, तिथे पेनसिल्व्हेनिया रेलरोड या कंपनीने १८४९ मध्ये जागा घेतली आणि पुढे तिथे उभ्या राहिलेल्या कारखान्यांतून सहा हजारांहून अधिक वाफेची इंजिने बाहेर पडली. रेल्वेची बहुतेक संग्रहालये यंत्रांची असतात. इथले संग्रहालय मात्र यंत्रे घडवणाऱ्या आणि चालवणाऱ्या कामगारांचे आहे, आणि त्यासाठीच मी ते आवर्जून पाहावे असे म्हणेन.

संग्रहालय ज्या इमारतीत आहे, ती १८८२ मध्ये रेल्वेच्याच यांत्रिकी विभागासाठी बांधलेली आहे. कामगारांचे कामावरचे आणि कामाबाहेरचे आयुष्य इथे सविस्तर मांडलेले आहे. मला सर्वांत मोलाची वाटली ती प्रयोगशाळेची हकिकत. चार्ल्स डडली या रसायनशास्त्रज्ञाने १८७५ पासून इथे रुळांचे पोलाद, वंगण, रंग अशा रेल्वेला लागणाऱ्या मालाची तपासणी सुरू केली; मालाच्या दर्जाचे निकष आधी ठरवून मगच तो विकत घ्यायचा, ही आज सर्वत्र रुळलेली पद्धत घडवण्यात या गावाचा मोठा वाटा आहे. दालनांमधून घाईने फिरणाऱ्यांच्या नजरेतून हा भाग सहज निसटतो, म्हणून तिथे मुद्दाम थांबावे.

त्याच तिकिटात जोडून घेता येणारे दुसरे ठिकाण म्हणजे गावाच्या पश्चिमेला असलेले हॉर्सशू कर्व्ह हे घोड्याच्या नालेच्या आकाराचे रेल्वेचे वळण. आधी हा डोंगर ओलांडताना डबे उतारांवरून दोरांनी ओढावे लागत. कंपनीचे मुख्य अभियंता जे. एडगर थॉमसन यांच्या आराखड्यानुसार मुख्यतः आयरिश मजुरांनी कुदळ-फावड्यांनी डोंगर कापून आणि घळी भरून हे वळण तयार केले, आणि १५ फेब्रुवारी १८५४ रोजी ते सुरू झाले. लोहमार्ग लांबवून चढ शंभर फुटांमागे साधारण पावणेदोन फुटांवर आणला गेला. थोड्याच वर्षांनी आपल्या बोरघाटात हाच प्रश्न आला, तेव्हा तिथे गाडीची दिशा उलटवणारे स्थानक बांधावे लागले; घाटातून प्रवास केलेल्या मराठी माणसाला या वळणाची किंमत म्हणूनच लवकर कळते.

इथे आजही मालगाड्या सतत ये-जा करतात. वळणाच्या पोटातील बागेत पायऱ्यांनी किंवा दोरावरच्या छोट्या गाडीने चढता येते. १९१८ मध्ये इथल्याच जुनिआटा कारखान्यात बांधलेले १३६१ क्रमांकाचे वाफेचे इंजिन १९८५ पर्यंत याच बागेत उभे होते. आता त्या जागी डिझेल इंजिन आहे. आधी संग्रहालय पाहावे आणि मग वर जावे, कारण कामगारांची माहिती झाल्यावर भरावाचा प्रत्येक थर वेगळा दिसतो. हिवाळ्यात वेळापत्रक बदलते, तेव्हा आधी चौकशी करावी. अ‍ॅमट्रॅक या अमेरिकेच्या प्रवासी रेल्वेची पेनसिल्व्हेनियन नावाची गाडी अल्टूनाला थांबते. तिने पुढे पिट्सबर्गकडे जाणार असाल, तर वळण दिसावे म्हणून डाव्या बाजूची खिडकी धरावी.